कार्बनचा हँडलबार : ठेवावा की उतरवावा?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. वय ४४, वजन ८८ किलो. सुटीच्या दिवशी माउंटन बाइक घेऊन टेकड्यांवरच्या आणि सिंहगडाच्या परिसरातल्या कच्च्या वाटांवर जातो. एका ओळखीच्या सायकलस्वाराकडून ३१.८ मिलिमीटर पकडीचा कार्बनचा हँडलबार वापरलेला घेतला आणि जवळच्या दुकानात साध्या अ‍ॅलन कीने बसवून घेतला. मागच्या पावसाळ्यात ओल्या खडकावर घसरून उजव्या बाजूवर पडलो. ब्रेक लिव्हर जागेवरून फिरला आणि त्याच्या क्लॅम्पखाली नखाला लागेल असा चरा पडला. आता उभे राहून चढ चढताना स्टेमपाशी, म्हणजे बारला मधोमध धरणाऱ्या तुकड्यापाशी, करकर आवाज येतो. मेकॅनिकने बोल्ट आणखी आवळले, तेव्हा आवाज थांबला आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू झाला. धाकटा भाऊ म्हणतो, कार्बन अचानक फुटतो, काढून टाक. मेकॅनिक म्हणतो, कार्बन लोखंडापेक्षा मजबूत, त्याला काही होत नाही. कोणाचे ऐकावे? शिवाय बार रुंद वाटतो. दोन्ही टोकांनी थोडा कापला तर चालेल का?

— एक वाचक, पुणे

स. न. वि. वि.

निर्णय आधी सांगतो, कारण येत्या रविवारी तुम्ही बहुधा सायकल पुन्हा बाहेर काढाल. हा हँडलबार उतरवा आणि परत बसवू नका. तो आतून तडकलाच आहे असे पत्रावरून मला म्हणता येणार नाही. परंतु त्याचा पूर्वेतिहास तुम्हाला ठाऊक नाही, तो किती जोराने आवळला गेला हे कोणी मोजलेले नाही, पडल्यावर त्याला नखाला लागणारा चरा पडला आहे आणि आता तो आवाज करू लागला आहे. नखाला लागणारा चरा एवढे एकच कारण पडल्यानंतर बार बाद करायला पुरेसे असते. तुमच्याकडे अशी चार कारणे जमली आहेत. हँडलबार मोडला तर सायकलस्वाराला सावरायला काही उरत नाही, कारण हात, ब्रेक आणि दिशा या तिन्ही गोष्टी त्याच एका नळीवर टेकलेल्या असतात.

भावाचे आणि मेकॅनिकचे म्हणणे मात्र अर्धे अर्धे खरे आहे आणि ते कुठे खरे आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढचा बारही तुम्ही असाच खराब कराल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कार्बनचा तंतू जाडीने पाच ते सात मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पुष्कळच बारीक असतो. असे हजारो तंतू इपॉक्सी राळेत भिजवून त्यांचे पातळ थर केले जातात आणि ते थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक बसवून, साच्यात दाब आणि उष्णता देऊन नळी घडवली जाते. काही थर नळीच्या लांबीच्या दिशेने जातात आणि वाकण्याला विरोध करतात, तर काही पंचेचाळीस अंशांत तिरपे जातात आणि पिळाला विरोध करतात. तंतूच्या दिशेने ओढले तर हा पदार्थ वजनाच्या मानाने पोलादाला सहज मागे टाकतो; मेकॅनिकचे म्हणणे इथवर बरोबर आहे. परंतु थराला काटकोनात, म्हणजे बाहेरून आत, दाबले तर तिथे तंतूंचे बळ कामी येत नाही आणि सगळा भार राळेवर येतो. बांबू जसा वाकवताना दाद देत नाही, पण शेगड्यात (व्हाइसमध्ये) घालून आवळला की बघता बघता फाटतो, तसाच हा प्रकार आहे.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट उलटी असते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना, पोलादाला असते तशी, थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा बसणाऱ्या भाराने कमजोर होत जाण्याची, सुरक्षित खालची मर्यादा नसते. प्रत्येक हादरा, कितीही लहान असला तरी, त्याच्या आयुष्यातून काहीतरी वजा करतो आणि म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा हँडलबार चांगला दिसत असला तरी काही वर्षांच्या कठोर वापरानंतर बदलावा लागतो. कार्बनला नेहमीच्या हादऱ्यांचा थकवा फारसा येत नाही, आणि वर्षानुवर्षे खडकाळ वाटांवर चाललेला, पण नीट बसवलेला आणि कधीही जोराने न आपटलेला कार्बनचा बार पहिल्या दिवसाइतकाच भक्कम असू शकतो. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय मानकात हँडलबार व स्टेमच्या जोडीवर एकदा विरुद्ध दिशांनी आणि एकदा एकाच दिशेने, असे दोन टप्प्यांत प्रत्येकी एक लाख वेळा भार आलटून पालटून टाकून चाचणी घेतली जाते. चांगल्या उत्पादकाचा कार्बनचा बार या चाचणीत अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी पडत नाही.

मग भावाची भीती कुठून येते? ती येते मोडण्याच्या पद्धतीतून. अ‍ॅल्युमिनियम तुटण्यापूर्वी दहा टक्क्यांच्या आसपास ताणले जाऊ शकते, त्यामुळे जोराने आपटलेला बार बहुतेक वेळा वाकतो आणि तो वाकलेला आपल्याला दिसतो. कार्बनचा तंतू जेमतेम दीड-दोन टक्के ताणला जातो आणि मग सरळ तुटतो. मधली वाकण्याची पायरीच नसते. त्याहून घातक गोष्ट अशी, की आघाताने आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग मात्र जसाच्या तसा राहतो. विमानउद्योगात अशा जेमतेम दिसणाऱ्या आघाताच्या नुकसानीसाठी तपासणीचे स्वतंत्र नियम करावे लागले, ते याच कारणाने. म्हणजे कार्बन ‘अचानक’ फुटतो हे पाहणाऱ्याच्या बाजूने खरे आहे. बारच्या बाजूने त्याची सुरुवात बहुधा फार आधी, एखाद्या पडण्यात किंवा एखाद्या पान्ह्याखाली झालेली असते.

सायकलशर्यतींतले एक गाजलेले उदाहरण रोड सायकलचे आहे. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ल सामँ या शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूल या डच सायकलपटूचा हँडलबार ऐन शर्यतीत मोडला आणि त्यानंतर त्याची सायकल बनवणाऱ्या कॅन्यन कंपनीने त्या एअरोड मॉडेलच्या मालकांना उपाय होईपर्यंत सायकल चालवू नका असे कळवले. नवा, नामांकित आणि व्यावसायिक संघाच्या मेकॅनिकांच्या देखरेखीखालचा भागही मोडू शकतो, हे त्यातून दिसते. ‘काही होत नाही’ हे वाक्य म्हणूनच मेकॅनिकने कोणत्याच बारबद्दल उच्चारू नये.

आता तुमच्या चऱ्याकडे येऊ. पडताना लिव्हरचे टोक जमिनीला लागले, लिव्हर फिरला आणि क्लॅम्पची धातूची कडा बारच्या अंगावरून घासत गेली. ती कडा फक्त वरच्या लाखेवरून गेली असेल तर चरा उथळ आणि गुळगुळीत असतो, त्यावरून नख घसरून जाते. नख अडकत असेल तर कडा थरांत शिरली असे धरावे. ग्रिप आणि लिव्हर दोन्ही काढून, बार स्वच्छ पुसून, अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा प्रकाश अगदी तिरपा टाकून ती जागा पाहा. चऱ्याच्या दोन्ही टोकांकडून पुढे निघालेली केसासारखी रेघ, आसपास पांढुरका पडलेला पट्टा, किंवा बोट फिरवताना जाणवणारा बारीकसा उंचवटा दिसतो का ते बघा. मग कापसाचा बोळा त्यावरून हलकेच फिरवा. तुटलेले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण कापसाचे धागे ओढून धरतात. यांपैकी एकही खूण न सापडल्यास हा बार ठीक आहे असा अर्थ मात्र काढू नका. खूण सापडली तर नुकसान नक्की. न सापडली तर काहीच सिद्ध होत नाही.

नाण्याने टकटक करून आवाज ऐकण्याची एक पद्धत सांगितली जाते. फ्रेमच्या रुंद, सपाट भागावर तिचा थोडाफार उपयोग होतो. हँडलबारच्या बारीक नळीवर, जिथे जाडी जागोजागी बदलते आणि आवाजही त्याबरोबर बदलतो, तिथे तिच्यावर विसंबून राहणे मला मान्य नाही. पुण्यासारख्या कारखानदारीच्या शहरात अल्ट्रासोनिक तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, परंतु एका हँडलबारसाठी तो खर्च आणि खटाटोप करण्यापेक्षा नवा बार घेणे शहाणपणाचे ठरते.

करकर आवाजाबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण त्यावर जो उपाय केला गेला तो उपाय नव्हता. स्टेमपाशी येणारा आवाज पकडीत शिरलेल्या धुळीचा असू शकतो, कोरड्या बोल्टचा असू शकतो, हेडसेटच्या, म्हणजे स्टेमखालच्या वळणाऱ्या सांध्याच्या, बेअरिंगचा असू शकतो, आणि बारच्या सुटणाऱ्या थरांचाही असू शकतो. फेसप्लेट, म्हणजे बारला स्टेमवर दाबून धरणारी पुढची पट्टी, काढून, सगळे पुसून, मोजून पुन्हा आवळल्याशिवाय यांतला कोणता हे कळत नाही. नुसते आणखी आवळल्याने धूळ तिथेच राहते, पृष्ठभाग घट्ट दाबले जातात म्हणून काही काळ बोलत नाहीत, आणि बार मात्र चिरडत जातो.

किती चिरडत जातो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. स्टेमच्या फेसप्लेटला साधारणतः ५ मिलिमीटर जाडीचे चार बोल्ट असतात आणि त्यांना बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर इतका टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सांगितलेला असतो. पाच न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या अ‍ॅलन कीच्या टोकाला सुमारे पाच किलो वजनाइतका रेटा. तेवढ्या रेट्याने एक बोल्ट अंदाजे ५,००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास ओढ निर्माण करतो. चार बोल्ट मिळून दोन टन. हे योग्य आवळण्याचे आकडे झाले. सवयीच्या हाताने ‘थोडे आणखी’ म्हणत दुप्पट जोर लावणे मुळीच कठीण नसते, आणि मग त्या पातळ नळीवर चार टनांची पकड बसते. आट्यांना तेल किंवा ग्रीस असेल तर घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला ओढ आणखी वाढते, म्हणून आटे कोरडे ठेवायचे की वंगण लावायचे याबाबत स्टेमच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच करावे. तुमचा बार असा निदान दोनदा, न मोजता, आवळला गेला आहे. फेसप्लेट काढल्यावर पकडीच्या दोन्ही कडांना बारवर उमटलेल्या रेघा नीट पाहा. नुसती चकाकी असेल तर ती दाबाची खूण आहे. बोटाला पायरी लागत असेल तर तिथे नळी दबली आहे.

पुन्हा कार्बनच घ्यावा का, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. कार्बनचा बार अ‍ॅल्युमिनियमपेक्षा साधारण शंभर ग्रॅमने हलका असतो आणि लांब खडबडीत उतारावर त्याने हातांना मुंग्या कमी येतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. शंभर ग्रॅमचा फरक तुमच्या-माझ्यासारख्याला चढावर कळणार नाही. हातांचा आराम मात्र खरा असू शकतो. घरात टॉर्क रेंच ठेवण्याची, पुस्तिका वाचण्याची आणि प्रत्येक मोठ्या पडण्यानंतर बार बदलण्याची तयारी असेल तर कार्बन अवश्य घ्या. ती तयारी नसेल तर चांगला अ‍ॅल्युमिनियमचा बार घेऊन तो ठरावीक काळाने बदलणे अधिक निर्धोक आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. कार्बन घेतलाच तर अधिकृत विक्रेत्याकडून, पुस्तिकेसह, बिल घेऊन घ्या. नामांकित कंपन्यांची नावे छापलेले बनावट बार ऑनलाइन विकले जातात आणि त्यांच्या आत किती थर आहेत व कसे बसवले आहेत हे सांगणारा कोणी नसतो. पुस्तिकेत किंवा बारवर वापराचा वर्ग छापलेला असतो तोही पाहा. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गीकरणात तिसरा वर्ग कच्च्या वाटा व दोन फुटांच्या आतल्या उड्यांसाठी, चौथा चार फुटांच्या आतल्या उड्यांसाठी आणि पाचवा डाउनहिलसारख्या अत्यंत कठोर वापरासाठी आहे. काही बारांवर स्वाराच्या वजनाची मर्यादाही दिलेली असते. तुमचे वजन ८८ किलो आहे, पाठीवर पाणी आणि सामान असते, तेव्हा ती मर्यादा काठावर येईल असा बार घेऊ नका.

बसवण्याआधी स्टेम तपासा. बारची पकड ३१.८ मिलिमीटर असेल तर स्टेमही ३१.८ चाच हवा. ३५ मिलिमीटरच्या स्टेममध्ये पातळ पट्टी (शिम) घालून ३१.८ चा बार बसवण्याची युक्ती कार्बनच्या बाबतीत, उत्पादकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय, करू नये. बारचा जाड सरळ भाग मर्यादित रुंदीचा असतो आणि पुढे तो टोकांच्या २२.२ मिलिमीटरकडे निमुळता होत जातो. स्टेमची पकड पूर्णपणे त्या सरळ भागातच बसली पाहिजे. कडेचा थोडासाही भाग उतरणीवर गेला तर सगळा दाब एका रेघेवर येतो. स्टेमच्या आतल्या कडांवरून बोट फिरवा. धारदार कड, उमटलेला बुरा किंवा जुन्या बारने पाडलेले खड्डे लागले तर स्टेम बदला. तुमच्या स्टेमचे बोल्ट न मोजता आवळलेले आहेत, त्यामुळे बोल्टही नवे घ्यावेत असे मी सुचवीन.

मग पकडीच्या दोन्ही जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या करा. थिनर किंवा पेट्रोल वापरू नका आणि पकडीत ग्रीस तर मुळीच लावू नका. पुस्तिकेत मनाई नसेल तर कार्बन असेंब्ली पेस्टचा पातळ थर द्यावा. ही पेस्ट बोटांत चोळली तर बारीक वाळूसारखी लागते. तिच्यातले सूक्ष्म कण घर्षण वाढवतात, म्हणून कमी टॉर्कमध्येही बार फिरत नाही. बार मध्यावर आणि हव्या त्या कोनात ठेवून चारही बोल्ट आधी हातानेच टेकेपर्यंत फिरवा आणि फेसप्लेटच्या वरच्या व खालच्या फटी पाहा. बहुतेक स्टेममध्ये या दोन्ही फटी सारख्या असाव्या लागतात आणि बोल्ट तिरकस क्रमाने, दर वेळी थोडे थोडे, म्हणजे आधी दोन, मग तीन, मग चार न्यूटन-मीटर असे चढवत न्यावे लागतात. परंतु काही स्टेमची रचनाच अशी असते की वरची बाजू फट न ठेवता पूर्ण मिटवायची आणि मग फक्त खालचे बोल्ट आवळायचे. अशा स्टेमला ‘सारख्या फटी’चा नियम लावला, किंवा उलट केले, तर टॉर्कचा आकडा अचूक असूनही बार एका कडेने चिरडतो. म्हणून स्टेमची पुस्तिका नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ती मिळवा आणि मेकॅनिकसमोर उघडून ठेवा.

बारचा आणि स्टेमचा सांगितलेला टॉर्क वेगळा असेल तर दोहोंतला कमी आकडा पाळावा. टॉर्क रेंच सायकलीसाठीचाच घ्या, साधारण २ ते १५ किंवा २० न्यूटन-मीटरच्या टप्प्याचा. मोटारीच्या चाकांसाठीचा मोठा रेंच पाचाच्या आकड्यावर विश्वासार्ह नसतो. टक् असा आवाज आला की थांबा. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा टकटक करत गेलात तर प्रत्येक वेळी बोल्ट किंचित पुढे सरकतो. शेवटी पुढचे चाक दोन्ही पायांत धरून, ब्रेकच्या बाजूने शरीराचा पूर्ण भार बारवर टाका. बार फिरला तर आणखी आवळू नका. काढा, पुसा, पेस्ट लावा, माप तपासा आणि पुन्हा बसवा. इतके करूनही फिरत असेल तर बार आणि स्टेमचे माप एकमेकांशी जुळत नाही.

लिव्हर, गिअर शिफ्टर आणि ड्रॉपर पोस्टचा (सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याचा) रिमोट यांच्याकडे मेकॅनिक कमी लक्ष देतात, आणि तुमचे नुकसान नेमके तिथेच झाले. तिथे नळीची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि क्लॅम्प अरुंद असतो. ब्रेकच्या पुस्तिकेतला आकडा अ‍ॅल्युमिनियमचा बार गृहीत धरूनही लिहिलेला असू शकतो आणि तो कार्बनच्या बारच्या मर्यादेपेक्षा जास्त निघतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. इथेही कमी आकडाच पाळायचा. लिव्हर इतकाच घट्ट असावा की ब्रेक दाबताना हलू नये, पण सायकल पडली तर बार कापण्याऐवजी तो फिरून जावा. क्लॅम्पच्या आतल्या कडा तिथेही बोटाने तपासा. लॉक-ऑन ग्रिपच्या अंगठ्यांचे बोल्ट फार लहान असतात, त्यांना दोन-तीन न्यूटन-मीटर पुरतात. जुनी रबरी ग्रिप काढताना ती कटरने चिरण्याची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे. कटरचे पाते रबराखालच्या तंतूंवर लांब रेघ ओढते आणि ती रेघ पुढे नव्या ग्रिपखाली झाकली जाते, म्हणून तसे कोणालाही करू देऊ नका. कडेतून थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून ग्रिप पिळत काढता येते.

कापण्याबद्दल : जुना बार कापू नकाच. नवा बार मात्र कापता येतो, पुस्तिकेने परवानगी दिली असेल आणि टोकांवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहिलात तर. आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून काही फेऱ्या मारून पाहा, कारण कापलेले परत जोडता येत नाही. पाइप कापण्याचा चाकाचा कटर वापरू नका, तो कापण्याआधी दाबतो. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळा, खूण करा आणि बारीक दातांच्या, इंचाला ३२ दात असलेल्या पात्याने, पाण्याचे थेंब सोडत, जोर न लावता कापा. नाकावर चांगला मास्क आणि हातांत मोजे घाला. ही धूळ फुप्फुसांना घातक असते आणि त्वचेला खाज आणते. शेवटचे काही वार उरले की तुटणारा तुकडा हाताने धरा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने थर सोलून खाली येतो. कड बारीक पॉलिशपेपरने आतल्या दिशेने घासून तिच्यावर पातळ सुपरग्लूचा हात फिरवा. आणि टोकांची बुचे लगेच बसवा. उघड्या टोकाची नळी पडल्यावर मांडीत किंवा पोटात घुसून गंभीर इजा करते, हा धोका कोणत्याही धातूच्या बारला तितकाच लागू आहे.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा फेसप्लेट काढून सगळे पुसून पाहण्याची सवय ठेवा. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना मध्ये घाम किंवा खारट पाणी राहिले तर विद्युतरासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी साचते. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगत सायकल चालवणाऱ्यांनी हे अधिक वेळा करावे. पुण्याच्या उन्हाने बारला काही होत नाही, कारण त्यातली राळ मऊ पडायला साधारणतः शंभर अंशांच्या वरचे तापमान लागते. त्यापेक्षा वाहतूक जपा. टेम्पोत सायकली एकावर एक टाकून सुतळीने करकचून बांधल्या की दुसऱ्या सायकलीचे पेडल तासन्‌तास तुमच्या बारवर ठोकत राहते, आणि उतरवल्यावर ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

पुढच्या वेळी पडलात तर तिथेच ग्रिपवर दोन्ही हातांनी भार देऊन पाहा; एक बाजू दुसरीपेक्षा मऊ वाटली, नवा आवाज आला किंवा बार वळलेला दिसला, तर सायकल हाताने ढकलत खाली आणा. बारवर थेट आघात झाला असेल तर खूण दिसो वा न दिसो, तो बदला. काही उत्पादक पडण्यात खराब झालेल्या बारच्या बदल्यात नवा बार सवलतीत देतात, त्यासाठी बिल जपून ठेवावे.

उतरवलेला बार कोणाला देऊ नका, विकू नका आणि सायकलीच्या दुकानात ‘असू दे’ म्हणून ठेवूही नका; तुमच्याकडे तो आला तसाच तो आणखी कोणाकडे जाईल. मास्क घालून तो मधोमध कापा आणि मगच टाका. मेकॅनिकलाही बोलवा. फेसप्लेटखालच्या रेघा आणि लिव्हरखालचा चरा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तर पुढच्या गिऱ्हाइकाचा बार आवळताना तो टॉर्क रेंच हातात घेईल अशी मला आशा आहे.